राहून गेलेला फाय

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. दोघा-तिघांनी विचारलंही, "काय, दुकान बंद केलंस का?" बंद नाही, शटर अर्धं ओढलेलं होतं एवढंच. आज ते वर करायला कारण झाली माझी भाची. घरात तिला चिऊ म्हणतो, इथेही तेच नाव चालवते.

परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. रात्री साडेदहाचा फोन म्हटलं की माझ्या पोटात आधी गोळा येतो, मग मी फोन उचलते.

"मावशी, झोपलीस का?"

"नाही गं. काय झालं?"

"काही नाही."

हे 'काही नाही' मला पाठ आहे. तिची आई, म्हणजे माझी ताई, अगदी अस्संच म्हणते. मी गप्प बसले. अर्ध्या मिनिटाने पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग सगळं धडाधड बाहेर पडलं. एम.एस्सी. फिजिक्सचं पहिलं वर्ष, थर्मोडायनॅमिक्सच्या चाचणीत दहापैकी दोन, वर्गात सगळ्यांना जमतं आणि हिलाच जमत नाही, आपण उगाच या भानगडीत पडलो, बँकेच्या परीक्षांचा क्लास लावावा असं ठरवलंय, आणि "बाबांना तू सांग, मावशी. तू सांगितलंस तर ते ऐकतील."

"मी का म्हणून सांगू?"

"कारण तुझंही असंच झालं होतं ना. त्या व्हायवामुळे तूही फिजिक्स सोडलंसच की."

आता हे नातेवाईक मंडळींना नवीन नाही. माझी व्हायवाची गोष्ट आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते. पण ब्लॉगवर येणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९९९ सालचा मे महिना. एम.एस्सी.ची शेवटची तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक, पांढरा शर्ट, कोपरापर्यंत खडूची पूड. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, व्हॅन डर वाल्सचं समीकरण लिहा आणि त्यावरून मुक्त ऊर्जा काढा. मी काढली. झर्रकन काढली, कारण आदल्याच रात्री केलं होतं. ते फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छान. आता या वायूची विशिष्ट उष्णता काढा." मी काढली. उत्तर शून्य आलं. पुन्हा काढली. पुन्हा शून्य. "बरं," ते म्हणाले, "असा वायू कुठे मिळेल हो?" शेजारी बसलेले आमचे सर हसले. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मला पुढे एक शब्द सुचला नाही. पास झाले, पण मार्क यथातथाच. आणि मग मी पीएच.डी.चा नाद सोडला, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि नोकरीला लागले. अशी ती गोष्ट. परीक्षकाची नक्कल मी फार छान करते, असं सगळे म्हणतात.

तर चिऊला म्हटलं, बँकेचं आपण मागाहून बघू, आधी पेपर दाखव. तिने फोटो पाठवला. मी चष्मा लावून बघितला आणि क्षणभर हसावं की रडावं कळेना. प्रश्न तोच. उत्तरही तेच, माझंच, ओळ न् ओळ. खाली सरांनी काही लिहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीपुढे लाल पेनाने एक प्रश्नचिन्ह फक्त.

पुढच्या काही परिच्छेदांत थोडं गणित आहे. ज्यांना नको त्यांनी खुशाल उडी मारून आर्गॉनपाशी यावं, मी रागावणार नाही. (ताई, तू मात्र वाच. तुझ्या लेकीचं आहे.)

अवस्था समीकरण म्हणजे वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचा आपसांतला करार. आपल्या शाळेतलं पीव्ही = आरटी हे त्यातलं सगळ्यात भोळं. हॉलंडमधल्या योहानेस व्हॅन डर वाल्सने १८७३ साली लायडनच्या आपल्या प्रबंधात ते जरा शहाणं केलं. रेणूंना स्वतःचा आकार असतो, म्हणून आकारमानातून थोडी जागा वजा केली, ती 'बी'. रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून दाब थोडा कमी केला, तो 'ए'. एक मोल वायूसाठी लिहायचं तर: पी = आरटी/(व्ही − बी) − ए/व्ही². बस्स, एवढंच. आणि एवढ्यावर वायूचा द्रव कसा होतो हेही त्या समीकरणातून दिसायला लागलं. हा माणूस सुताराचा मुलगा, आधी प्राथमिक शाळेत मास्तर. लॅटिन-ग्रीक येत नाही म्हणून त्याला विद्यापीठाच्या परीक्षांना बसता येत नव्हतं. पुढे नियम बदलला तेव्हा बसला. प्रबंध झाला तेव्हा पस्तिशीत होता. नोबेल १९१० साली. पण मी भरकटतेय.

मुक्त ऊर्जा म्हणजे काय? तापमान कायम ठेवून एखाद्या वस्तूकडून जास्तीत जास्त किती काम काढून घेता येईल, याचा हिशोब. 'मुक्त' हा शब्द हेल्महोल्ट्झचा, १८८२ सालचा. तिला 'एफ' म्हणू. तिची गंमत अशी की ती नीट माहीत असली, तापमान आणि आकारमान यांच्या भाषेत लिहिलेली असली, की बाकी सगळं तिच्यातून निघतं. आकारमानाने विकलन करा, चिन्ह उलटं करा, दाब मिळतो. तापमानाने विकलन करा, चिन्ह उलटं करा, एन्ट्रॉपी मिळते. एन्ट्रॉपीवरून विशिष्ट उष्णता. एक किल्ली, सगळी कुलपं.

मग उलटं जायचं. दाब तर समीकरणात दिलेलाच आहे. दाब म्हणजे एफच्या विकलनाचं उणे, तर दाबाचं आकारमानावर इंटिग्रेशन केलं की एफ मिळायला हवा. चिऊने तेच केलं होतं, मीही तेच केलं होतं: एफ = −आरटी लॉग(व्ही − बी) − ए/व्ही. सुंदर, सुटसुटीत, आणि अर्धवट.

"यात चुकलं काय, मावशी? इंटिग्रेशन तर बरोबर आहे."

आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "छान. आता या वायूची विशिष्ट उष्णता काढ बघू."

मी ते नक्कल म्हणून म्हटलं नाही. खरंच, तिला दाखवायला दुसरा सोपा रस्ता मला सुचला नाही. ती फोनवरच पुटपुटत काढायला लागली. तापमानाने विकलन, एन्ट्रॉपी आली आर लॉग(व्ही − बी). त्यात तापमान कुठेच नाही. म्हणजे पुन्हा तापमानाने विकलन केलं की...

"शून्य?"

"शून्य."

"असा कसा असेल वायू? म्हणजे त्याला तापवायला काही उष्णताच लागणार नाही?"

"बरं, आता त्याची एकूण ऊर्जा काढ."

एफ अधिक टी गुणिले एन्ट्रॉपी. तिने काढली. −ए/व्ही, एवढीच उरली. म्हणजे रेणू एकमेकांना ओढतात त्याची ऊर्जा हिशोबात आहे, पण ते इकडेतिकडे धावतात त्याची कुठेच नाही. ती गप्प झाली. मीही गप्प झाले, पण माझं कारण वेगळं होतं. हे प्रश्न एकामागून एक विचारताना मला दिसत होतं की यात चिडवण्यासारखं काहीच नाही. एखाद्याला चूक न सांगता चुकीपर्यंत न्यायचं तर प्रश्न हेच, आणि याच क्रमाने. 'असा वायू कुठे मिळेल' यानंतरचा प्रश्न कोणता आला असता, तेही मला कळलं. मी तेव्हा थांबले नसते तर तो त्यांनी विचारला असता.

आता राहिलं काय ते सांगते. आकारमानावर इंटिग्रेशन करताना आपण तापमान एकाच जागी धरून ठेवतो. त्यामुळे शेवटी जो स्थिरांक यायचा तो नुसता आकडा नसतो. तो तापमानावर अवलंबून असू शकतो, त्यावर आकारमानाचं बंधन नाही एवढंच. त्याला मी 'फाय ऑफ टी' म्हणते. खरं उत्तर: एफ = −आरटी लॉग(व्ही − बी) − ए/व्ही + फाय ऑफ टी. आणि हा फाय काय आहे, हे अवस्था समीकरण तुम्हाला सांगूच शकत नाही. कितीही पिळा. दाब काढायला आकारमानाने विकलन केलं की फाय पुसला जातो, त्यामुळे दाबाच्या समीकरणात त्याचा मागमूस नसतो. जे पुसलं गेलं ते उलटं जाऊन परत कसं मिळणार?

चिऊला हे पटलं, पण पचलं नाही. मग मी आजोबांचं दुकान काढलं. माझे वडील, अण्णा, यांचं कराडला किराणा दुकान होतं. रोजकीर्द ते स्वतः लिहायचे. समज, तुला वहीतल्या नुसत्या जमा-खर्चाच्या नोंदी दिल्या, सगळ्या अचूक. तर सोमवारपासून शनिवारपर्यंत गल्ल्यात किती फरक पडला ते तू पैशापर्यंत सांगशील. पण शनिवारी गल्ल्यात किती आहेत? ते सांगायला आरंभीची शिल्लक लागते, आणि ती आठवड्याच्या नोंदींत कुठेच नसते. आणि इथे तर एक वहीसुद्धा नाही. प्रत्येक तापमानाची वही वेगळी. तीनशे अंशांची एक, तीनशे एकची दुसरी. अवस्था समीकरण प्रत्येक वहीतल्या नोंदी लिहून देतं, पण एका वहीची शिल्लक आणि शेजारच्या वहीची शिल्लक यांचं नातं काय, यावर ते तोंड उघडत नाही. ते नातं सांगते विशिष्ट उष्णता. ती वेगळी मोजून आणावी लागते.

"अगं पण मग दर आकारमानाला मोजायची?"

हा प्रश्न तिने विचारला आणि मला बरं वाटलं. दहापैकी दोनवाली मुलगी हा प्रश्न विचारत नाही. उत्तर असं की व्हॅन डर वाल्सच्या वायूत त्याची गरज पडत नाही. समीकरणात दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढतो, आणि तसं असलं की ठरलेल्या आकारमानाची विशिष्ट उष्णता आकारमानावर अवलंबून राहतच नाही. एकदाच मोजायची, वायू अगदी विरळ असताना, जिथे तो भोळा पीव्ही = आरटी पाळतो. त्यावरून फाय मिळाला. तरीसुद्धा दोन आकडे उरतात. एक ऊर्जा कुठून मोजायची तो, आणि एक एन्ट्रॉपी कुठून मोजायची तो. पहिला आपल्या सोयीने ठरवायचा. दुसऱ्यासाठी नेर्न्स्टचं १९०६ सालचं काम लागतं, निरपेक्ष शून्यापाशी काय होतं ते. तिने मध्येच आणखी एक काढलं: "मावशी, लॉगच्या आत लिटर कसे चालतील?" चालत नाहीत! लिटरऐवजी मिलिलिटर घेतले तर उत्तरात आरटी लॉग हजार एवढा फरक पडतो, आणि तोही गुपचूप फायच्या पोटात जातो. म्हणजे फाय लिहिला नाही तर समीकरण एककांच्या बाबतीतसुद्धा बोंब मारत असतं. मला १९९९ साली ही बोंब ऐकू आली नव्हती.

आता आर्गॉन. (उडी मारून आलेल्यांचं स्वागत.)

फाय हा नुसता परीक्षेतला मार्क नाही, हे तिला पटावं म्हणून मी कोष्टक उघडून दोन वायू दाखवले. आर्गॉनचा ए १.३५५, ऑक्सिजनचा १.३८२. बी बघावा तर ०.०३२० आणि ०.०३१९. (ए बार आणि लिटरच्या हिशोबात, बी लिटरमध्ये, दोन्ही एका मोलसाठी.) जुळी भावंडं म्हणावीत अशी. आर्गॉन १ वातावरण दाबाला ८७.३ केल्व्हिनला उकळतो, ऑक्सिजन ९०.२ ला. हवा द्रव करून वायू वेगळे करतात त्या कारखान्यांत या दोघांना सोडवताना नाकी नऊ येतात ते यामुळेच. आता बंद डब्यात दोघांचा एकेक मोल घ्या आणि एक अंशाने तापवा. आर्गॉनला साडेबारा ज्यूल लागतात. ऑक्सिजनला एकवीस. कारण आर्गॉनचा रेणू म्हणजे एकटा अणू, तो नुसता धावतो. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू जोडलेले, तो धावतो आणि गिरक्याही घेतो. गिरक्यांनाही ऊर्जा लागते. दाबाला त्या गिरक्यांचा पत्ता नाही. दाब मोजणाऱ्याला हे दोघे वेगळे ओळखूच येणार नाहीत.

१८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांना हवेत हा नवा वायू सापडला तेव्हा तो एकअणू आहे हे कशावरून कळलं? त्यातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून. त्या वेगातून विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर निघतं, ते १.६७ च्या आसपास आलं. दोन अणूंच्या वायूला ते १.४ यायला हवं होतं. म्हणजे फायचीच खबर, फक्त कानाने काढलेली.

हे सांगता सांगता मी अडखळले, कारण मला २००९ साल आठवलं.

माझ्या नोकरीबद्दल मी इथे फारसं लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही असा माझा समज होता. रासायनिक कारखान्यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. त्यात एखादा नवीन पदार्थ घालायचा तर आधी त्याचं क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब वगैरे भरायचं. त्यावरून प्रोग्रॅम अवस्था समीकरण बनवतो. व्हॅन डर वाल्सचं नाही, त्याचं नातवंड म्हणा, पेंग आणि रॉबिन्सन यांचं, १९७६ सालचं. आणि त्याच्याखाली वेगळे रकाने असतात: आदर्श वायूच्या विशिष्ट उष्णतेचे सहगुणक. २००९ साली घाईघाईत मी ते रकाने शून्यच ठेवले होते. प्रोग्रॅम मुकाट्याने चालला. घनता बरोबर आली. ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला किती वाफ, किती द्रव, तेही बरोबर आलं. फक्त हीटरला लागणारी उष्णता इतकी कमी आली की आमचे वरिष्ठ म्हणाले, "बाई, एवढ्यात तर चहासुद्धा होणार नाही." रकाने भरले, उत्तर सुधारलं, सगळे हसले, मीही हसले. आणि हे सगळं होऊनसुद्धा, त्यानंतर इतकी वर्षं दर आठवड्याला तेच रकाने भरूनसुद्धा, तो माझा व्हायवातला फाय आहे हे परवा रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी फिजिक्स सोडलं असं सगळ्यांना सांगत होते आणि रोज सकाळी साडेनऊला पंच करून तेच करत होते.

वाफ आणि द्रव यांचा हिशोब फायशिवाय बरोबर का आला, हेही मी चिऊला सांगितलं, कारण ते फार देखणं आहे. द्रव आणि वाफ एकत्र नांदतात तेव्हा दोघांचं तापमान एकच असतं. म्हणजे दोघांच्या बाजूला तोच फाय, आणि तुलना करताना तो दोन्हीकडून उडतो. मॅक्सवेलने १८७५ साली समीकरणाच्या वळणदार रेषेवर समान क्षेत्रफळांची आडवी रेघ ओढून द्रव-वाफेचा दाब काढायची युक्ती दिली ती याच जोरावर. खुद्द व्हॅन डर वाल्सने १८९० साली मिश्रणांसाठी मुक्त ऊर्जेचा पृष्ठभाग रचला, तिथेही कुठल्या दोन अवस्था एकत्र नांदतील हे ठरवताना तापमान एकच. आपल्या पाण्याचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे आजचे अचूक तक्ते मात्र उलट्या बाजूने येतात. आधी मुक्त ऊर्जाच लिहितात, दोन भागांत: एक आदर्श वायूचा, एक उरलेला. मग त्यातून विकलनाने दाब काढतात. पहिल्या भागात फाय पहिल्यापासून घरच्यासारखा बसलेला असतो, विसरायची सोयच नाही.

साडेबारा वाजले. चिऊ जांभया द्यायला लागली होती. "मावशी, आता कळलं," ती म्हणाली. "पण बाबांना सांगशील ना? तुला पण व्हायवाने..."

"उद्या बोलू," म्हणाले आणि फोन ठेवला.

झोप लागली नाही. सकाळी ताईला फोन केला. तिला सगळं सांगितलं, बँकेचा क्लास वगैरे. चिऊची परवानगी न घेता सांगितलं, त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली. ताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या व्हायवाचं मला एक कधी कळलं नाही. व्हायवा मे महिन्यात होती ना?"

"हो."

"आणि पीएच.डी.च्या फॉर्मची मुदत वीस मार्चची."

मी काही बोलले नाही.

"२०११ साली आपण दुकान आवरलं ना, तेव्हा अण्णांच्या जुन्या रोजकीर्दीत तुझा फॉर्म सापडला होता मला. नाव लिहिलेलं, पत्ता लिहिलेला. पुढे कोरा. त्यावर छापलेली होती तारीख."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू नक्कल इतकी छान करतेस," ताई म्हणाली.

मार्च १९९९. अण्णांच्या छातीत दुखलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि मी गल्ल्यावर बसत होते. हे आठवल्यावर मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, चला, हे कारण निदान इभ्रतीचं आहे. पण तेही पुरत नाही. अण्णा नऊ तारखेला घरी आले. दहाला स्वतः दुकानात येऊन बसले, कुणाचं ऐकतात थोडेच. माझ्याकडे पुरते दहा दिवस होते. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर 'संशोधनाचा विषय आणि तो निवडण्याचे कारण' असा मोठा चौकोन होता. मला तो चौकोन आजही दिसतो. त्यात काय लिहावं ते मला सुचत नव्हतं, आणि न सुचण्याची भीती वाटत होती. मी फॉर्म वहीत ठेवला आणि ग्राहकाला साखर जोखून दिली. त्या खडूच्या पुडीवाल्या बिचाऱ्या गृहस्थांशी माझी गाठ त्यानंतर दोन महिन्यांनी पडली. त्यांनी मला फक्त एक चांगला प्रश्न विचारला होता. पुढची इतकी वर्षं मी पंगतींतून त्यांना गुन्हेगार करून वाढत होते.

संध्याकाळी चिऊला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. चौकोनासकट. वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. मध्ये एकदा पाणी प्यायला उठले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तू भरला असतास तर?"

"माहीत नाही गं. कदाचित घेतलंही नसतं मला. मार्क तेव्हाही काही फार नव्हते."

"बँकेच्या क्लासचे पैसे भरलेत मी अर्धे," ती म्हणाली. "परत देत नाहीत."

"क्लास वाईट नाही. तुला करायचाच असेल तर कर, बाबांशी मी बोलेन. फक्त माझं नाव सांगून करू नकोस."

"बघते."

यावर मी काही म्हटलं नाही. गुरुवारी तिची फेरचाचणी आहे, ती दिल्यावर ठरवणार आहे म्हणे. ताईचं म्हणणं, ठरवू दे तिची तिला.

आज सकाळी उठले तर तिचा मेसेज होता, पहाटे पावणेदोनचा. वहीच्या पानाचा फोटो. एफ = −आरटी लॉग(व्ही − बी) − ए/व्ही + फाय ऑफ टी, आणि फायभोवती पेनाने एवढं मोठं वर्तुळ की कागद फाटायचा राहिलाय. त्याखाली लिहिलंय: "ऑक्सिजनचे ते एकवीस ज्यूल अगदी थंडीतपण एकवीसच राहतात का? गिरक्या थांबत नाहीत का कधी?"

ऑफिसला उशीर होतोय, आणि याचं उत्तर लांबलचक आहे. चहा घेते आणि बसमधून तिला फोन करते.